वाऱ्याचा हिशेब मांडणारा गावचा मास्तर : पॉल ला कूर

जुळे सोलापूर : जुळे सोलापुरात आता गच्च्यांवर सोलरच्या पाट्या दिसू लागल्यात. पाठोपाठ गच्चीवर बसवायच्या छोट्या पवनचक्कीच्या जाहिरातीही मोबाईलवर येतात. तिकडं जत, कवठेमहांकाळ, पाटण तालुक्यातलं वनकुसवडे पठार, शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातली भूम-वाशी या भागात मोठमोठ्या पवनचक्क्या उभ्या आहेत. बांधावर उभं राहून त्याकडं बघणाऱ्या शेतकऱ्याला नेहमी एकच प्रश्न पडतो. एवढं अवाढव्य धूड, पाती फक्त तीन, आणि फिरतंय तर किती सावकाश. यातून वीज निघते तरी किती?

या प्रश्नाचं उत्तर मोजून काढायला ज्यानं आयुष्य घातलं, तो कुणी मोठ्या कंपनीचा मालक नव्हता. तो डेन्मार्क देशातल्या एका खेडेगावातल्या शाळेचा मास्तर होता. त्याचं नाव पॉल ला कूर. तो जाऊन शंभर वर्षांहून जास्त काळ झाला, पण आपल्या माळावर फिरणाऱ्या तीन पात्यांमागं त्याच्या मोजमापाचा मोठा वाटा आहे.

शेतकऱ्याच्या घरातला पोरगा

पॉल ला कूरचा जन्म 13 एप्रिल 1846 रोजी डेन्मार्कच्या जटलंड भागात एबेलटॉफ्ट गावाजवळच्या शेतावर झाला. घर शेतीवाल्याचं. डेन्मार्क हा लहानसा, सपाट देश. तिन्ही बाजूंनी समुद्र आणि वर्षभर वारा. तिथं धान्य दळायला वाऱ्यावर फिरणाऱ्या चक्क्या शेकडो वर्षांपासून होत्या. आपल्याकडं गावोगाव विहिरीवर मोट होती तशी.

पॉल गणितात हुशार निघाला. कोपनहेगनच्या विद्यापीठात तो भौतिकशास्त्र आणि हवामानशास्त्र शिकला, 1869 मध्ये पदवी घेतली. 1872 मध्ये डेन्मार्कची सरकारी हवामान संस्था निघाली आणि तिथं तो उपप्रमुख झाला. वय अवघं 26. सरकारी नोकरी, राजधानीत घर, मान. आपल्याकडचे लोक म्हणतील, पोरानं नाव काढलं.

त्या काळात तारखातं जोरात होतं. एकाच तारेवरून एका वेळी अनेक संदेश कसे पाठवायचे, यावर जगभर खटपट चालली होती. ला कूरनं त्यासाठी स्वरकाट्याचा उपयोग केला. स्वरकाटा म्हणजे ठोकला की एकाच सुरात वाजणारा लोखंडी चिमटा. वेगवेगळ्या सुरांचे काटे वापरून संदेश वेगळे करता येतात, ही त्याची कल्पना. अमेरिकेत एलिशा ग्रे हा संशोधकही त्याच वाटेनं चालला होता, त्यामुळं पेटंटचा वाद झाला आणि ला कूरच्या पदरात फार काही पडलं नाही. पण त्याच खटपटीतून त्यानं एक चाक तयार केलं. स्वरकाट्याच्या ठेक्यावर ते चाक कायम एकाच वेगानं फिरायचं, जरासुद्धा पुढं-मागं नाही. पुढं अमेरिकेतल्या डिलेनी या संशोधकानं आपल्या तारयंत्रात हेच चाक वापरलं.

फिरणारी वस्तू एकसारखी कशी फिरवायची, हा प्रश्न ला कूरच्या डोक्यात तेव्हापासून बसला. पुढं वाऱ्याशी गाठ पडली तेव्हा तोच प्रश्न नव्या रूपात त्याच्यासमोर आला.

राजधानी सोडून खेड्यात

1878 मध्ये ला कूरनं एक निर्णय घेतला. राजधानीतली नोकरी सोडली आणि आस्कोव नावाच्या खेड्यात शिकवायला गेला.

आस्कोवची शाळा साधी नव्हती. 1864 च्या युद्धात डेन्मार्कनं दक्षिणेकडचा मोठा मुलूख गमावला होता. देश खचलेला. त्यावेळी ग्रुंडविग या विचारवंताच्या शिकवणीतून गावोगाव लोकशाळा निघत होत्या. शेतकऱ्यांची तरणी पोरं-पोरी तिथं राहायची, शिकायची. परीक्षा नाही, मार्क नाहीत, सर्टिफिकेट नाही. शिकून पुन्हा शेतावर जायचं, पण डोकं उघडं ठेवून जायचं. आस्कोवची शाळा 1865 मध्ये, नव्या सरहद्दीच्या जवळ सुरू झाली. आपल्याकडं कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. पद्धत वेगळी असली तरी शिक्षण खेड्यापर्यंत नेलं पाहिजे, ही तळमळ दोन्हीकडं सारखीच.

ला कूर तिथं गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा. पण पाठांतर करून घ्यायचा नाही. अमुक नियम माणसाला सापडला कसा, त्याआधी लोक काय समजत होते, कुठं चुकत होते, अशी गोष्टच सांगायचा. गणिताचा इतिहास आणि भौतिकशास्त्राचा इतिहास यावर त्यानं पुस्तकंही लिहिली.

तेवढ्यात जगात विजेचे दिवे लागायला लागले. कोपनहेगनसारख्या शहरात कोळशावर वाफेची इंजिनं चालवून वीज करता येत होती. पण खेड्याचं काय? कोळसा महाग. लांबवर तारा ओढणं त्याहून महाग. शहरात दिवे, कारखाने, पगार, आणि खेड्यात अंधार. तरणी पोरं शहराकडं निघाली होती. ला कूरच्या डोळ्यासमोर हे घडत होतं. खेडं टिकवायचं असेल तर वीज खेड्यात तयार झाली पाहिजे, हे त्यानं मनाशी पक्कं केलं. खेड्याकडं फुकट काय होतं, तर वारा.

1891 : शाळेच्या आवारात चक्की

1891 मध्ये डेन्मार्क सरकारच्या मदतीनं आस्कोवच्या शाळेजवळ प्रयोगासाठी पवनचक्की उभी राहिली. वाऱ्यापासून वीज करणारा ला कूर पहिला नव्हता. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथनं 1887 मध्ये हा प्रयोग केला होता. अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात चार्ल्स ब्रश या श्रीमंत संशोधकानं आपल्या बंगल्यामागं 17 मीटर व्यासाची, 144 लाकडी पात्यांची प्रचंड चक्की उभी केली होती. एवढा मोठा डोलारा, पण वीज निघायची जास्तीत जास्त 12 किलोवॅट.

ब्रशनं आपल्या बंगल्यात दिवे लावले. ला कूरला गावात दिवे लावायचे होते. त्यामुळं त्याला स्वस्तात, गावच्या सुताराला-लोहाराला जमेल अशी चक्की हवी होती.

पहिली अडचण वाऱ्याच्या लहरीची. वारा कधी जोरात, कधी मंद. वीज तयार करणाऱ्या डायनामोला मात्र एकसारखी चाल लागते. चाल कमी-जास्त झाली की दिवा कधी भगभगतो, कधी विझायला येतो. त्यावर ला कूरनं एक साधं साधन बनवलं आणि त्याला क्रॅटोस्टॅट नाव दिलं. चक्कीचा जोर पट्ट्यानं डायनामोकडं जायचा, मध्ये वजन टांगून त्या पट्ट्याचा ताण ठरवून दिलेला. वाऱ्याचा झपाटा आला आणि चक्की जास्त ओढ घ्यायला लागली, तरी ठरलेल्या जोरापेक्षा जास्त जोर पुढं जायचाच नाही. पिठाच्या गिरणीत पट्टा घसरतो तसा जादा जोर तिथंच सुटायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यानं टॉर्क बांधून घेतला.

दुसरी अडचण, वारा पडला तर काय? बॅटऱ्या त्यावेळी फार महाग होत्या. इटलीतल्या गारुती या प्राध्यापकाचं पाणी फोडण्याचं यंत्र ला कूरनं आणलं. पवनचक्कीच्या विजेनं पाण्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळा करायचा, टाक्यांत साठवायचा आणि रात्री त्या गॅसवर दिवे लावायचे. 1895 पासून काही वर्षं आस्कोवच्या शाळेत असे दिवे लागले. म्हणजे दिवसाचा वारा रात्री उजेड द्यायचा.

हे काम सोपं नव्हतं. हायड्रोजनमध्ये थोडा जरी ऑक्सिजन मिसळला तरी स्फोट. आस्कोवमध्ये असे स्फोट झाले आणि शाळेच्या इमारतींच्या खिडक्यांच्या काचा एकदा नव्हे, अनेकदा बदलाव्या लागल्या. पुढं बॅटऱ्या आवाक्यात आल्या तेव्हा ला कूरनं गॅसचा हट्ट सोडला आणि बॅटऱ्यांकडं वळला. बॅटरीतली वीज उलटी डायनामोकडं जाऊ नये, म्हणून आपोआप जोडणारं आणि तोडणारं बटणही त्यानं बनवलं. आज जग पुन्हा वाऱ्यापासून हायड्रोजन करायच्या मागं लागलंय. ग्रीन हायड्रोजन म्हणून आपण जे ऐकतो, त्याची खेड्यातली सुरुवात ही अशी.

टॉर्क म्हणजे काय, ते जात्यावरून समजून घ्या

ला कूरचं सगळ्यात मोठं काम पात्यांवरचं. ते समजायला आधी टॉर्क समजला पाहिजे.

जात्याचा खुंटा कडेला असतो. तोच मधल्या खिळीजवळ बसवला तर जातं फिरवताना हात भरून येतील. ट्रॅक्टरचा नट निघत नसला की आपण पान्याला पाईप लावतो. ताकद तेवढीच, पण दांडी लांब झाल्यानं फिरवण्याचा जोर वाढतो. या फिरवण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात. लावलेला जोर गुणिले दांडीची लांबी, एवढाच हिशेब. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांब आडव्या दांडीच्या टोकाला एक किलो वजन टांगलं तर साधारण 9.8 न्यूटन-मीटर टॉर्क होतो.

पण नुसता टॉर्क म्हणजे काम नव्हे. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये असतो तेव्हा ओढ भरपूर, पण चाल मुंगीची. वरच्या गिअरमध्ये चाल जास्त, ओढ कमी. काम किती झालं हे ओढ आणि चाल यांच्या गुणाकारावर ठरतं. पवनचक्कीतही तेच. टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग म्हणजे पॉवर.

जुन्या चक्क्यांवर जास्तीत जास्त पाती लावायची पद्धत होती. लोकांना वाटायचं, वाऱ्याला जेवढी जागा अडवू तेवढी ताकद मिळेल. दिसायला पटण्यासारखं आहे. विहिरीतून पाणी उपसणाऱ्या, पंख्यासारख्या भरगच्च पात्यांच्या चक्कीला ते चालतंही. कारण पंप सुरू करायचा म्हणजे पाण्याचा भार पहिल्या फेऱ्यापासून अंगावर असतो. तिथं सुरुवातीचा टॉर्क मोठा लागतो, वेग कमी असला तरी भागतं. डायनामोचं उलटं आहे. त्याला वेग लागतो.

वाऱ्याला डब्यात कोंडून मोजलं

वाऱ्याचा हिशेब ला कूरच्या आधीही झाला होता. इंग्लंडच्या जॉन स्मीटननं 1759 मध्ये पात्यांच्या छोट्या नमुन्यावर प्रयोग करून आकडे प्रसिद्ध केले होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की चक्कीचं काम जवळपास आठपट होतं, हे त्यानं दाखवलं होतं.

ला कूरनं 1890 च्या दशकात आस्कोवमध्ये वाऱ्याचा बोगदा तयार केला. म्हणजे एक मोठी नळी, एका बाजूला पंखा, आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडणारा एकसारखा वारा. मोकळ्या माळावर वारा क्षणाक्षणाला बदलतो, त्यात मोजणार काय? बोगद्यात वारा आपल्या हातात. त्यात त्यानं पात्यांचे नमुने धरले. सपाट पातं, वाकवलेलं पातं, रुंद, अरुंद, वेगवेगळ्या कोनात. प्रत्येकावर वारा किती जोर लावतो ते मोजलं आणि वहीत मांडलं.

त्याच सुमारास कोपनहेगनच्या गॅस कारखान्यातला इर्मिंगर हा अभियंता कारखान्याच्या धुराड्यातली हवेची ओढ वापरून असेच प्रयोग करत होता. त्यातून कळलं की वारा पात्याला समोरून ढकलतो तेवढंच घडत नाही. पात्याच्या पाठीमागं हवेचा दाब कमी होतो आणि पातं तिकडं ओढलं जातं. विमानाचं पंख याच ओढीवर उचलतं. आणि हे सगळं राइट बंधूंचं विमान उडायच्या आधी.

ला कूरच्या मोजमापातून निघालेला निष्कर्ष असा. विजेसाठी पाती थोडी हवीत. ती अरुंद हवीत, थोडी वाकवलेली हवीत, बुडाशी जास्त आणि टोकाशी कमी तिरपी हवीत, आणि ती वेगानं फिरली पाहिजेत. पाती वाढवली म्हणजे वीज वाढतेच असं नाही. त्यानं आपल्या आदर्श चक्कीला चार पाती ठेवली. 1897 मध्ये आस्कोवला पहिलीपेक्षा मोठी चक्की उभी राहिली. सगळे आकडे त्यानं 1900 आणि 1903 मध्ये पुस्तकरूपानं छापून टाकले. लपवून काही ठेवलं नाही.

जुळे सोलापूरच्या गच्चीवरचा हिशेब

हा हिशेब आपल्या घरासाठी करून बघू. समजा जुळे सोलापुरातल्या एखाद्या गच्चीवर 2 मीटर व्यासाची छोटी पवनचक्की बसवली. वारा सेकंदाला 6 मीटर, म्हणजे ताशी साडेएकवीस किलोमीटर. चांगला वारा धरलाय.

पहिली पायरी, वाऱ्यात ताकद किती? पाती फिरताना जो गोल काढतात त्याचं क्षेत्रफळ 3.14 चौरस मीटर. सोलापूरची उंची आणि उष्णता धरली तर एक घनमीटर हवेचं वजन साधारण 1.1 किलो. सूत्र असं : अर्धं गुणिले हवेची घनता गुणिले क्षेत्रफळ गुणिले वेगाचा घन. म्हणजे 0.5 × 1.1 × 3.14 × 216. उत्तर येतं सुमारे 373 वॅट. त्या गोलातून जाणाऱ्या वाऱ्यात एकूण ताकदच एवढी.

दुसरी पायरी, त्यातली किती हाती लागते? सगळी कधीच लागत नाही. पंढरपूरच्या वाटेवर पुढची दिंडी रस्त्यातच बसून राहिली तर मागचे वारकरी काय करतील? बाजूनं वाट काढून निघून जातील. हवेचंही तसंच. पात्यांनी हवेतली सगळी ताकद काढून घेतली तर हवा तिथंच थांबेल आणि मागची हवा पात्यांना टाळून बाजूनं जाईल. म्हणून हवेला थोडी चाल ठेवूनच पुढं सोडावं लागतं. जर्मनीतल्या आल्बर्ट बेट्झनं 1920 च्या सुमारास याचं गणित मांडलं. हवा आपल्या मूळ वेगाच्या एक तृतीयांश वेगानं बाहेर पडली तर सगळ्यात जास्त ताकद मिळते, आणि ती 59.3 टक्के. यापुढं जगातली कुठलीही उघडी पवनचक्की जाऊ शकत नाही. आपल्या 373 वॅटचे फार तर 221 वॅट.

तिसरी पायरी, प्रत्यक्षात किती? छोट्या तीन पात्यांच्या चक्कीची कार्यक्षमता 30 टक्के धरू. 373 चे 30 टक्के म्हणजे 112 वॅट.

चौथी पायरी, टॉर्क. तीन पात्यांच्या अशा चक्कीत पात्याचं टोक वाऱ्याच्या साधारण सहापट वेगानं पळतं. म्हणजे सेकंदाला 36 मीटर. पातं 1 मीटर लांब, त्यामुळं मिनिटाला जवळपास 344 फेरे. पॉवरला फिरण्याच्या वेगानं भागलं की टॉर्क मिळतो. 112 भागिले 36, उत्तर 3.1 न्यूटन-मीटर. म्हणजे मीटरभर दांडीच्या टोकाला जेमतेम 300 ग्रॅम वजन पेलण्याएवढा जोर.

आता त्याच जागी, त्याच व्यासाची, भरगच्च पात्यांची पाणी उपसायची चक्की लावा. तिचं टोक वाऱ्याच्याच वेगानं फिरतं असं धरू, म्हणजे मिनिटाला 57 फेरे. कार्यक्षमता 20 टक्के धरली तर पॉवर 75 वॅट. टॉर्क मात्र 75 भागिले 6, म्हणजे साडेबारा न्यूटन-मीटर. मीटरभर दांडीला सव्वा किलो वजन.

टॉर्क चौपट, पण पॉवर कमी. ला कूरनं जे सांगितलं ते याच आकड्यांत आहे. पंपाला जोर द्या, डायनामोला वेग द्या. दोन कामांना एकच चक्की लावायला गेलात तर दोन्हीकडं तोटा.

आणखी एक बघा. वारा अर्धा झाला, सेकंदाला 3 मीटर, तर 373 चे अर्धे होत नाहीत. आठवा भाग होतो, म्हणजे 47 वॅट. त्याचे 30 टक्के फक्त 14 वॅट. एक-दोन एलईडी बल्ब. म्हणून चक्की घेण्याआधी त्या जागी, त्या उंचीवर वर्षभर वारा किती असतो हे बघणं सगळ्यात महत्त्वाचं. आषाढातला वारा बघून वर्षाचा हिशेब मांडला तर फसगत ठरलेली. शहरात आजूबाजूच्या इमारती वारा अडवतात, त्याची वावटळ करतात, ते वेगळंच.

म्हणून कुणी 2 मीटर व्यासाची चक्की दाखवून एवढ्याच वाऱ्यात 1 किलोवॅट वीज मिळेल असं सांगत असेल, तर कागद-पेन काढावं. वाऱ्यातच 373 वॅट आहेत तर चक्कीतून 1,000 कसे निघतील? तोच 1 किलोवॅटचा आकडा सेकंदाला 12 मीटर वाऱ्यासाठी दिलेला असेल तर मात्र तो खरा असू शकतो. पण तेवढा वारा किती दिवस असतो, हा पुढचा प्रश्न विचारावाच लागेल. व्यास किती, वारा किती, कोणत्या वाऱ्याला किती वॅट, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

गावचे वायरमन घडवले

ला कूरनं चक्की बनवून सोडून दिली नाही. यंत्र बिघडलं तर शहरातून माणूस येईपर्यंत गाव अंधारात बसणार, हे त्याला माहीत होतं. 1903 मध्ये त्याच्या पुढाकारानं वाऱ्याच्या विजेसाठी एक संस्था निघाली. ती गावांना वीजघर उभारायला सल्ला द्यायची. 1904 पासून त्यानं आस्कोवमध्ये खेड्यातल्या पोरांसाठी वीजकामाचे वर्ग सुरू केले. वायरिंग, डायनामो, बॅटरी, चक्की सगळं शिकवायचं आणि पुन्हा गावाकडं पाठवायचं. त्यानं फक्त वाऱ्याच्या विजेवर एक नियतकालिकही काढलं.

डेन्मार्कच्या शेतकऱ्यांना सहकाराची सवय होती. 1882 पासून तिथं सहकारी दूध डेअऱ्या उभ्या राहिल्या होत्या. आपल्याकडं सहकारी साखर कारखाने उभे राहिले, तसंच तिथं दुधाचं. त्याच सवयीतून गावं एकत्र येऊन वीजघरं काढू लागली. वारा नसेल तेव्हा तेलावरचं इंजिन आणि बॅटऱ्या, वारा असेल तेव्हा चक्की.

24 एप्रिल 1908 रोजी आस्कोवमध्येच ला कूर वारला. वय 62. त्याच्या मागं काम थांबलं नाही. पहिल्या महायुद्धात तेल आणि कोळसा मिळेना, तेव्हा गावोगावच्या या चक्क्यांनी हात दिला. 1918 च्या सुमारास डेन्मार्कमध्ये जवळपास 120 गावच्या वीजघरांकडं पवनचक्की होती. एकेक 20 ते 35 किलोवॅटची. सगळ्या मिळून साधारण 3 मेगावॅट, आणि देशाच्या विजेतला 3 टक्के वाटा.

पुढं मोठी वीजकेंद्रं आली, लांबवर तारा गेल्या, तेल स्वस्त झालं. गावच्या चक्क्या एकेक करून बंद पडल्या. ला कूरचं स्वप्न मोडीत निघालं असंच कुणालाही वाटलं असतं.

पण 1904 च्या त्याच्या वर्गात योहानेस यूल नावाचा एक तरुण बसला होता. तो वीज कंपनीत नोकरीला लागला आणि उतारवयात पुन्हा वाऱ्याकडं वळला. 1957 मध्ये त्यानं गेडसर गावात 24 मीटर व्यासाची, तीन पात्यांची, 200 किलोवॅटची पवनचक्की सुरू केली. ती मोठ्या दुरुस्तीशिवाय 10 वर्षं चालली. 1973 नंतर जगभर तेल महागलं, तेव्हा सगळ्यांनी यूलच्या चक्कीकडं धाव घेतली. आजच्या तीन पात्यांच्या पवनचक्क्या त्याच वाटेनं आल्या. डेन्मार्कमध्ये आज निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यापासून होते.

सावकाश दिसतं, तसं नसतं

आता बांधावरच्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडं येऊ. माळावरची मोठी चक्की सावकाश फिरताना दिसते. पण 50 मीटर लांबीचं पातं मिनिटाला 12 फेरे घेत असेल, तर त्याचं टोक ताशी 226 किलोमीटर वेगानं पळत असतं. रेल्वेगाडीलाही मागं टाकेल असा वेग. दुरून आपल्याला तो जाणवत नाही, एवढंच.

आणि टॉर्क? 2 मेगावॅटची चक्की मिनिटाला 15 फेरे घेत पूर्ण ताकदीनं चालत असेल, तर तिच्या मुख्य दांड्यावर जवळपास 12 लाख 70 हजार न्यूटन-मीटर टॉर्क येतो. म्हणजे मीटरभर दांडीच्या टोकाला 130 टन वजन टांगल्यासारखं. त्यासाठीच तो जाडजूड दांडा, तो गिअरबॉक्स, आणि खाली जमिनीत ओतलेलं ते प्रचंड काँक्रीट. पाती तीनच असतात, कारण तेवढी पुरतात. हे आस्कोवच्या मास्तरानं बोगद्यात वारा कोंडून आधीच मोजून ठेवलं होतं.

आस्कोवमध्ये आज ला कूरच्या नावाचं संग्रहालय आहे. पण त्याची खरी कमाई वेगळी आहे. यंत्राचा हिशेब खेड्यातल्या माणसाला समजतो, समजला पाहिजे, आणि समजला की त्याला कुणी सहज फसवू शकत नाही, यावर त्याचा भरवसा होता. आज आपल्या जिल्ह्यात आणि शेजारी पवनचक्कीसाठी जमिनी भाड्यानं जात आहेत, गच्चीसाठी जाहिराती येत आहेत. करारावर सही करण्याआधी व्यास, वारा आणि वॅट या तीन आकड्यांचा गुणाकार-भागाकार घरातल्या दहावीच्या पोरालाही करता येतो. मोबाईलमधलं कॅल्क्युलेटर त्याला पुरेसं आहे.